दोन-सहाची बांगडी आणि पंधराचं चाक

"काय बड्डे, टायर में खराबी का है?" पंक्चरवाल्याने विचारलं. जबलपुरात ‘काय’ सगळेच म्हणतात. मराठी माणसाला तेवढं त्यावर उत्तर हवं असतं. खराबी काहीच नव्हती. चारही टायर जेमतेम वर्षाचे. खराबी भाच्यात होती.

भाचा होळीला पुण्याहून आला तो ऑटोक्रॉसचं खूळ घेऊन. "मामा, धडका देत पळणं नाही त्यात. एका वेळी एकच गाडी, वाटेत शंकू, आणि समोर घड्याळ. शंकू पाडला की वेळेत दंड." मी म्हटलं, मग तुमच्या पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा घाटात दुसरं काय असतं? एक गाडा सुटतो, सेकंद मोजतात, आणि हरलेला मालक बैलांकडे न बघता घड्याळाकडे रागाने बघतो. भाच्याला ही तुलना अपमानास्पद वाटली. त्याच्या मते ती स्पोर्ट्स कार होती. माझ्या मते ती स्विफ्ट होती, आणि तिचे हप्ते मी भरत होतो.

मैदानाची सोय मात्र झाली. शहपुऱ्याला (डिंडोरीकडचं नव्हे, आमचं भिटोनी स्टेशनजवळचं) माझ्या एका मित्राची शेती आहे. जबलपूरचा मटार इथून दूरदूर जातो. मटार निघून गेला होता आणि मूग पेरायला अवकाश होता, म्हणून चार एकर रिकामं पडलं होतं. शंकूंच्या जागी त्याने सिमेंटची घमेली उपडी घालायला दिली.

प्रश्न उरला चाकांचा. टायरवर लिहिलेलं असतं ‘१६५/८० आर १४’. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, पण असला बेशिस्त आकडा पाहिला नव्हता. पहिला मिलिमीटरमधे, दुसरा टक्क्यांत, तिसरा इंचात! रुंदी १६५, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर टायरच्या भिंतीची उंची, आणि आत १४ इंची रिम. तांदूळ किलोत, डाळ टक्क्यांत आणि तेल शेरात लिहिणाऱ्या वाण्याला मी दुसऱ्या दिवशी हाकललं असतं.

भाच्याला हवं होतं ‘१९५/५० आर १५’. भिंत बुटकी म्हणजे वळणावर टायर लुळा पडत नाही, रुंद म्हणजे पकड जास्त. शिवाय, तो म्हणाला, चाक एकूण लहान होतं, म्हणून गाडी जागेवरून झटकन उचलते. रिम मोठी आणि चाक लहान? मी कागद घेतला. जुनं चाक ६१९.६ मिलिमीटर, नवं ५७६. पोरगा खरं बोलत होता. मला त्याचं जरा वाईटच वाटलं.

तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली आणि कागदावर नजर टाकून म्हणाली, "बांगड्यांचं माप आहे की हे!" तिची दोन-सहाची बांगडी म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश. हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक. मला तीस वर्षांनी कळलं. "मोठी झाली तर हातातून गळते, लहान झाली तर हात सोलते. आणि दुकानदार नेहमी म्हणतो, साबण लावा, जाईल." नव्या टायरला साडेपाच ते सात इंच रुंद रिम लागते, आणि ती फार बाहेर आली तर टायर मडगार्डला घासतो, हे सांगायला भाच्याला पाऊण तास लागला होता.

तात्या, म्हणजे माझे वडील, व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त. ज्यांनी तिथे लष्कराची जोंगा बनताना पाहिली, त्यांना स्विफ्टचं चाक म्हणजे बाबागाडीचं वाटतं. ते एवढंच म्हणाले, "भुसभुशीत मातीत रुंद चाक वर तरंगतं. बैलगाडीचं चाक अरुंद का असतं? खाली घट्ट जमीन लागेपर्यंत रुततं." भाचा म्हणाला, आजोबा, बैलगाडीला टॉर्क नसतो. तात्या म्हणाले, बैलाला विचार.

सेकंडहँड रिम-टायर बसवून आम्ही निघालो. भेडाघाटचा फाटा मागे पडला, शहपुरा आलं, आणि शेतात शिरताना पहिल्याच बांधावर गाडीचं पोट खरवडलं. चाक लहान झालं की गाडीही खाली बसते: जवळपास २२ मिलिमीटर. हे माझ्या कागदावर होतं, पण मी कागद बांधाला दाखवला नव्हता.

भाच्याने फेरी मारली. घमेली धडाधड उडाली, तिसऱ्या वळणावर गाडी सरळच जाऊ लागली, आणि धुळीतून मित्राचा आवाज आला, "काय, हरभरा बचा लो!" बावन्न सेकंद. मग तात्यांच्या समाधानासाठी जुनी चाकं लावली. चार चाकांचे सोळा नट मी स्वतः काढले, सोळा बसवले. एकावन्न. भाच्याचं म्हणणं, ट्रॅक चुकला. डांबरावर उलटा निकाल लागला असता. लागलाही असता. "उद्या डांबरावर बघू," म्हणत त्याने नवी चाकं पुन्हा चढवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पुण्याला निघून गेला.

सोळा नट पुन्हा कोण काढणार? चाकं अजून तीच आहेत. लहान चाक जास्त फिरतं, म्हणून काटा ८० दाखवतो तेव्हा आम्ही जेमतेम ७४ ने जात असतो. तीस किलोमीटरवरचं शहपुरा आता गाडीच्या मते बत्तीसवर गेलंय. पेट्रोल मात्र तेवढंच लागतं, त्यामुळे कागदावर ॲव्हरेज वाढलं. सौ.ने परवा कौतुकाने विचारलं, एवढं कसं काय वाढलं? मी म्हटलं, हवा नीट भरून घेतली.