कागदात दूध

कागद भिजला की संपला, हे पावसात होड्या सोडणाऱ्या पोरालाही कळतं. तरी कागदात दूध भरावं असं मोठ्या माणसांना वाटलं. अमेरिकेतल्या टोलेडोत जॉन व्हॅन वॉर्मर यांचा खेळण्यांचा कारखाना होता. एके सकाळी त्यांच्या हातून दुधाची बाटली फुटली, असं सांगतात. आपल्याकडे अशा वेळी फोडणाऱ्याचा उद्धार होतो आणि प्रकरण मिटतं. या गृहस्थांनी १९१५ मध्ये कागदी बाटलीचं पेटंटच घेतलं! घडी घालायची, चिकटवायची आणि मेणात बुडवायची.

पुढे स्वीडनमध्ये १९४४ साली एरिक वॉलेनबर्ग यांना चारही बाजू त्रिकोणी असलेला पुडा सुचला. कागदाची लांब नळी करायची, वरून दूध सोडायचं आणि दुधाच्या पातळीखालीच ती दाबून बंद करायची. हवेला शिरायला फटच नाही. डोकं अफाट; पण हे त्रिकोणी पुडे सरळ रचता येईनात, त्यांना षटकोनी क्रेट लागले. शेवटी १९६३ मध्ये मुकाट्याने विटेचा आकार आला.

कागद आणि पाण्याची दुसरी गोष्ट आपल्याकडची. जयपूरचा विमानतळ सांगानेरला आहे. त्यामुळे प्रवासात असल्याच विटेसारख्या खोक्यातलं ताक पिणारा माणूस उतरतो तो थेट कागजींच्या, म्हणजे हाताने कागद करणाऱ्यांच्या गावात. इथे कागद पाण्याला भीत नाही. तो पाण्यातूनच वर येतो. गंजीफ्रॉकच्या कारखान्यातली सुती कात्रणं कुटून लगदा करतात आणि हौदात कालवतात. जाळीचा साचा बुडवून आडवा उचलला की पाणी गळून जातं आणि वर सायीसारखा थर राहतो. तो कापडावर उलटायचा, दाबायचा, दोरीवर वाळत घालायचा. खादी आयोगाची कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थाही इथलीच. तिने शेणाचा कागद केला. तिथेच तयार झालेला शेणाचा रंग २०२१ मध्ये बाजारात आला. गाईचं दूध कागदात बसवायला जगाला एवढा खटाटोप करावा लागला. शेण मात्र सांगानेरात स्वतःच कागद होऊन बसलं.

दुधाच्या टिकाऊ खोक्यात साधारण पाऊण हिस्सा कागद, बाकी प्लॅस्टिक आणि जरासं ॲल्युमिनियम. ही मंडळी एकमेकांना अशी धरून असतात की वेगळं करायला पुन्हा पाण्यातच घुसळावं लागतं. पण त्यासाठी खोकं कारखान्यापर्यंत पोचायला हवं ना! दुधाच्या पिशव्या आपण धुऊन, वाळवून विकतो. खोकं पुढे केलं की रद्दीवाला मान हलवतो: कागद म्हणून दिलं तर त्याला ते प्लॅस्टिक वाटतं, प्लॅस्टिक म्हणून दिलं तर कागद. मग त्यात पुदिना लावण्यावाचून गत्यंतर नसतं.

सांगानेरची सुरुवातच दुसऱ्याने टाकलेल्या चिंधीपासून होते. खोकं करणाऱ्यांनी दूध कसं टिकेल याचा विचार केला, आणि तो उत्तमच केला. दूध संपल्यावर काय, एवढं मात्र त्यांनी रद्दीवाल्यावर सोपवलं. आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.