संकष्टीचा अंधार

जैसलमेरला आम्ही तारे बघायला गेलो आणि पहिले तीन दिवस चंद्र बघत बसलो.

याचा सगळा दोष मेहुण्यांकडे जातो. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. नोकरीतून मोकळी झालेली माणसं गच्चीत कुंड्या लावतात, यांनी गच्चीत दुर्बीण लावली. पुण्यातल्या त्या गच्चीवरून एकूण सात तारे दिसतात, त्यांतला एक रोज रात्री लोहगावला उतरतो. मग ते एकदा खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला वांगणीला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना गच्ची पुरेना. "वाळवंटात दिवे कोण लावणार?" असा त्यांचा सवाल होता. त्याला आमच्यापैकी कुणालाही उत्तर सुचलं नाही. (उत्तर तिथे गेल्यावर मिळालं. सगळे लावतात.)

तारखा मी ठरवल्या, हेही कबूल करून टाकतो. जायचंच आहे तर तिथला मरू महोत्सव गाठू, जत्रा आणि आकाश एका भाड्यात होईल, असा माझा हिशेब. हा महोत्सव दरवर्षी माघी पौर्णिमेला संपतो. कालनिर्णय स्वयंपाकघरात टांगलेलं होतं आणि तिकिटं मी दिवाणखान्यात बसून मोबाइलवर काढली. दोघांची गाठ पडली नाही. गाडी जोधपूरच्या पुढे गेल्यावर आमच्याबरोबरच्या मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आज चतुर्दशी ना रे? काय सुंदर चंद्र आलाय!" मेहुण्यांनी चंद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग दुर्बिणीच्या पेटीवर हात ठेवून डोळे मिटून घेतले.

पौर्णिमेच्या रात्री आम्ही समच्या टेकाडांवर होतो. जैसलमेरपासून हे ठिकाण चाळीसेक किलोमीटर. तंबूवाल्यानं 'ताऱ्यांखाली मुक्काम' असं कबूल केलं होतं. मुक्काम तंबूत होता, तंबू दिव्यांच्या माळेखाली होता, आणि माळेच्या वर चंद्र होता. शेजारच्या तंबूंमध्ये ध्वनिक्षेपकांची आपसात स्पर्धा लागली होती. मी अंधाराची चौकशी करताच तंबूवाला चपापला. त्यानं लगेच माणूस पाठवून आमच्या दारावर आणखी एक दिवा लावून दिला.

जैसलमेरात 'अंधार कुठे मिळेल' हे विचारणं तसं अपमानकारकच आहे, हे मला हॉटेलात कळलं. रावळ जैसलनं 1156 साली त्रिकूट टेकडीवर वसवलेला पिवळ्या दगडाचा किल्ला, त्यात आजही माणसं राहतात, चूल पेटते, मुलं शाळेला जातात. अशा ठिकाणी मी गादीवर बसलेल्या मालकांना माझ्या हिंदीत म्हणालो, "हमको अंधार चाहिए. एकदम काळोख." मालक उठून उभे राहिले. "हुकुम, अपने यहाँ तो चौबीस घंटे लाइट है!" मी म्हणालो, तीच तर अडचण. त्यांनी जनरेटरही दाखवला. आपल्या वडिलांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, असं ते सांगत होते आणि मी त्यांच्याकडे वडिलांचा तोच काळोख भाड्यानं मागत होतो. रात्री त्यांनी अगत्यानं आम्हाला गच्चीवर नेलं. सगळा किल्ला प्रकाशझोतात सोन्यासारखा झळाळत होता. इतकं देखणं दृश्य मी आयुष्यात फार थोडं पाहिलंय. तारा मात्र एकही दिसला नाही.

प्रतिपदेला आम्ही बडा बागेत गेलो. राजघराण्यातल्या लोकांच्या छत्र्या तिथे ओळीनं उभ्या आहेत. गावाबाहेर, माळावर, वस्ती नाही. मेहुण्यांनी दुर्बीण उभी केली, सूर्य मावळला, आणि छत्र्यांच्या मागून एक लाल ठिपका लुकलुकला. मग दुसरा. मग क्षितिजभर. जैसलमेरच्या भोवती पवनचक्क्यांचं जंगल आहे आणि पात्यांमागे विमानांसाठी लाल दिवे असतात. मावशींनी त्यांना आधी मंगळ समजून हात जोडले. पन्नासएक मंगळ झाल्यावर हात खाली घेतले.

द्वितीयेला कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, नुसत्या भिंती उरलेल्या. दिवाण सालिम सिंगाच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत रिकामी झाली, अशी आख्यायिका आहे. आम्हा चौघांना हॉटेलातून निघायला सव्वा तास लागला. शाली, थर्मास, मावशींच्या गोळ्या, हिची दुसरी शाल. पोहोचलो तेव्हा चौकीदार फाटक लावत होता. रात्री इथे कुणी थांबत नाही, भुतं आहेत, असं त्यानं सांगितलं. मेहुणे म्हणाले, "भुतं दिवे लावतात का?" चौकीदार विचारात पडला. "नाही." "मग मला चालतील." तरी त्यानं सोडलं नाही. तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहिलो. संधिप्रकाश पुरता विझायला आठ वाजले आणि साडेआठच्या आत चंद्र हजर. मधल्या अर्ध्या तासात दोन पर्यटक गाड्यांनी आमच्या तोंडावर दिवे पाडून, काही मदत हवी का, असं आपुलकीनं विचारलं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव मोडायला एक सज्जन पुरतो.

त्या रात्री मेहुणे जेवले नाहीत. माझ्याशी बोललेही नाहीत. बोलल्या त्या मावशी. "परवा माझी संकष्टी आहे. इथे चंद्रोदय किती वाजता रे?"

मी मान वर केली. मेहुण्यांनीही केली. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे त्यांना पाठ होतं. पण आकाशशास्त्राच्या पुस्तकात जे नुसतं वाक्य असतं, ते मावशींच्या पोटात महिन्यातून एकदा घड्याळासारखं चालतं. घरी फोन लावून कालनिर्णयात मुंबईचा चंद्रोदय बघायला सांगितला. जैसलमेर मुंबईच्या दोन अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ढोबळमानानं आठ मिनिटं त्यात मिळवायची. बेरीज पावणेदहाच्या आसपास आली. आठ ते पावणेदहा! पावणेदोन तास निखळ काळोख, आणि तो शोधला होता उपासानं.

जागा जीपवाल्यानं सुचवली. "सम में तो डीजे है, हुकुम. आप खुरी चलो." खुरी हे जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. मरू राष्ट्रीय उद्यान या भागात लांबवर पसरलेलं आहे. गोडावण पक्ष्याचं हे घर. गोडावण म्हणजे आपल्या नान्नजचा माळढोक. सोलापूरकडे तो दिसेनासा झाला, तर उरलेसुरले बहुतेक याच मुलखात आहेत. आम्हाला दिसला नाही. रात्री दिसण्याची शक्यताही नव्हती, पण मी आपली चौकशी केली.

वाळूच्या टेकाडावर सतरंजी पसरली. थंडी चांगलीच होती. नकाशा वाचायला टॉर्च हवा आणि टॉर्चला लाल कागद हवा, कारण लाल उजेडानं डोळ्यांचा सराव मोडत नाही. कागद पुण्यात राहिला होता. मेहुण्यांनी बहिणीकडे पाहिलं. तिनं सकाळीच माणक चौकात घासाघीस करून लाल बांधणीची ओढणी घेतली होती. ती टॉर्चला गुंडाळल्यावर लाल उजेड पडला खरा, पण बांधणीच्या ठिपक्यांतून वाळूवर पांढरे ठिपके उमटले. चार दिवसांनी पहिल्यांदा भरपूर तारे दिसले, ते असे जमिनीवर. शेवटी ओढणी चौपदरी केली.

मग टॉर्च विझवला, आणि मी वर बघितलं.

पहिलं सांगायचं म्हणजे, ओळखीचं काहीच सापडेना. पुण्यात मृग शोधणं सोपं, कारण तिथे दुसरं कुणी नसतंच. इथे मृग गर्दीत हरवला होता. डेक्कनला रोज भेटणारा माणूस पंढरपूरच्या वारीत शोधावा तसं झालं. मेहुणे बोट दाखवत गेले: मृगाचा पट्टा, खाली व्याध, वर रोहिणी, कृत्तिकांचा झुबका, डोक्यावर ब्रह्महृदय. उंटवाला जवळ येऊन बसला होता. त्यानं मृगाकडे बोट करून म्हटलं, "हिरणी." त्याचं हरीण, आमचा मृग. त्या रात्रीचं हे एकमेव वाक्य, ज्याला दुभाषा लागला नाही.

अगस्ती दक्षिणेला अगदी वाळूला टेकलेला होता. पुण्यात तो एकोणीसेक अंशांपर्यंत वर येतो, इथे जेमतेम अकरा. म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढा. उत्तरेला ध्रुव मात्र पुण्यापेक्षा आठ अंश वर गेलेला. मावशी म्हणाल्या, "अगस्ती विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले ते परत आले नाहीत, आणि आपण विंध्य ओलांडून इकडे आलो. मग ते लांब दिसणारच." मेहुण्यांनी अक्षांशांची वही मिटली. एवढं सोपं स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हतं.

पश्चिमेकडे क्षितिजावरून एक फिकट उजेडाचा सुळका तिरपा वर गेलेला दिसला. माझा तोल गेला. "बघा! इथेही! पलीकडे पाकिस्तानात केवढे दिवे लावून ठेवलेत!" सीमेवरच्या दिव्यांची नारिंगी रेघ अंतराळ स्थानकातून काढलेल्या छायाचित्रातही दिसते, हे मी वाचलेलं होतं आणि ते ऐकवायची संधी शोधतच होतो. मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "राशिचक्रप्रकाश आहे तो. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत धूळ असते, तिच्यावर पडलेलं ऊन. तीस वर्षं वाचतोय मी याबद्दल." त्यांचा आवाज जरा बदलला होता, म्हणून मी सीमेचा विषय सोडून दिला.

मावशींची एक निराशा झाली. फोटोत असते तशी धगधगती आकाशगंगा त्यांना हवी होती. तो भाग धनु राशीतला. फेब्रुवारीत तो पहाटे चारच्या सुमाराला उगवतो, आणि संध्याकाळी बघायचा तर मे-जूनमध्ये यावं लागतं, जेव्हा थारमध्ये पारा पंचेचाळिसावर जातो आणि आकाशात धूळ असते. हिवाळ्यातली आकाशगंगा मृगाच्या शेजारून पुसटशी जाते. "सायीसारखी," ही म्हणाली. मावशी म्हणाल्या, उपासाच्या दिवशी सायीचं नाव काढू नये.

साडेनऊनंतर दोन पक्ष पडले. मावशी पूर्वेकडे डोळे लावून बसल्या, मेहुणे पश्चिमेकडे पाठ फिरवेनात. त्यांना मावळतीकडे कलणारी देवयानी दुर्बिणीत धरायची होती, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची. "अजून पाच मिनिटं," असं ते कुणाला म्हणत होते कोण जाणे. बहुधा गणपतीला. पूर्वेची वाळू उजळली, काठावर तांबूस चंद्र आला आणि कृत्तिकांपासून एकेक तारा पुसट होऊ लागला. मावशींनी अर्घ्य दिलं, डब्यातून मोदक काढले आणि पहिला मेहुण्यांच्या हातावर ठेवला. दोन दिवसांनी ते जेवले.

तुम्ही जाणार असाल तर समऐवजी खुरीला जा. पौर्णिमेनंतर चार दिवस सोडा, पुढे अमावास्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीपर्यंत संध्याकाळ कमी-जास्त अंधारी मिळते. मरू महोत्सव बघायचा असेल तर खुशाल बघा, दुर्बीण घरी ठेवा. आणि टॉर्चला लावायचा लाल जिलेटीन कागद तुळशीबागेत मिळतो, तो आठवणीनं न्या. ओढणीचे पैसे मला भरून द्यावे लागले.