गाडीत गणपती आहे

पेणच्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आहे आणि आमच्या मामाची उभी नोकरी त्या आवारात गाडी लावण्या-काढण्यात गेली. त्यामुळे 'लिटरला किती' हा प्रश्न मामाच्या तोंडी कधी येत नाही. एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरचा. त्याला केपीटीएल म्हणतात. लाल गाडीने दहा लिटरला पन्नासच्या आसपास किलोमीटर काढले की ड्रायव्हर ऐटीत डेपोत शिरतो. आकडा घसरला की साहेबांचं बोलावणं येतं. मामाची पंच्याहत्तरी उलटली, तरी लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणीही अनोळखी बसलेला असो, त्याला पहिला प्रश्न हाच : "तुमची दहाला किती देते?"

आमच्या भावोजींची दहाला एकशे दहा देते. कागदावर एकशे साठ आहेत. कागद खोटा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात, ठरवून दिलेल्या वेगाने कमी-जास्त पळवतात आणि जळलेलं इंधन मोजतात. एसी बंद असतो, रस्त्यात खड्डा नसतो, आडवी म्हैस येत नाही, आणि मुख्य म्हणजे गाडीत ताई नसते.

ताईचा सिद्धांत असा, की गाडी एवढी मोठी घेतली आहे तर रिकामी कशाला न्यायची? सात आसनांच्या त्या गाडीच्या मागे पाण्याचे दोन कॅन, घडीची खाट, क्रिकेटचा संच आणि मोठ्या चिरंजीवांची बाबागाडी कायमची मुक्कामाला असते. चिरंजीव आता आठवीत आहेत. टपावर कॅरिअर, त्यावर ताडपत्रीखाली काय आहे हे भावोजींनाही ठाऊक नाही.

भावोजींनी यावर शास्त्रीय उपाय केले होते. डिझेलच्या नळीला चुंबक बांधलं होतं. टाकीत ओतायची एक महाग बाटली आणली होती. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये बसवायची एक डबीही मागवली होती, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुके. पाचशेऐवजी पाचशे दहाचं डिझेल भरलं की पंपवाला फसवू शकत नाही, आणि पहाटे भरलं की गार डिझेल जास्त मिळतं, या दोन श्रद्धाही होत्याच. पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते, तिला पहाट आणि दुपार सारखीच. पण श्रद्धेला कोण खोदून पाहतो? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणाऱ्या असल्या शंभरावर वस्तू तपासल्या आणि लक्षात येईल एवढा फायदा एकीतूनही निघाला नाही. हे मी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी ही डबी तपासली नसेल."

मे महिना होता. रोह्याला साखरपुडा, वाटेत रामवाडीला मामाकडे जेवण. पळस्प्याला महामार्ग धरला. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. ताईचं लग्न त्याच वर्षीचं. संसाराची प्रगती अधिक आहे. भावोजींची चालवण्याची रीत अशी, की मोकळा रस्ता दिसला की पाय तळापर्यंत, डंपर दिसला की दुसरा पाय तळापर्यंत. कर्नाळ्याच्या खिंडीपासून खारपाड्याच्या पुलापर्यंत आम्ही माना डोलवत आलो.

मामा फाटकातच उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही, चाकांकडे पाहिलं.

जावयाला बोलायचं नाही ही मामाची पिढी. सगळं मला ऐकवायचं. लेकी बोले सुने लागे, तसं भाच्या बोले जावया लागे. "काय रे, शिकलेला ना तू? हवा कधी बघितली होतीस?" मी म्हटलं, गाडी माझी नाही. "तेच विचारतोय, कधी बघितली होतीस?" भावोजी म्हणाले, "मामा, आत्ताच पंपावर बघून घेऊ." त्यावर मामाने मलाच समजावलं, की पनवेलहून धावत आलेलं चाक गरम असतं, गरम चाकात हवा फुगून जास्त दाखवते, तेव्हा चाकं गार होईपर्यंत सगळ्यांनी जेवून घ्यावं. असं तांत्रिक कारणासाठी मी प्रथमच जेवलो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि पेणचे पापड. चाकं बराच वेळ गार होत राहिली.

मग पंक्चरवाल्याकडे हवा निघाली पाच-सहा पौंड कमी. दरवाजाच्या चौकटीवर आकडा छापलेला असतो. गाडी घेतल्यापासून तो दरवाजा भावोजींनी हजारदा उघडला असेल. हवा कमी असली की चाक रस्त्याला चिकटून रखडतं आणि ते रखडणं डिझेल खातं. त्यानंतर टप उतरवला. ताडपत्रीखाली दुसरी ताडपत्री निघाली. "वेग दुप्पट केलास तर वारा चौपट अडवतो," मामा मला म्हणाला, "आणि तू त्याला अडवायला वर आणखी भिंत बांधतोस?" बाबागाडी, खाट, कॅन, सगळं पडवीत गेलं. ताई "असू दे रे, लागेल" म्हणत प्रत्येक वस्तूच्या मागे थोडी चालली. डबी मामाने उपटली, कानाजवळ हलवून पाहिली आणि मामीला देव्हाऱ्यात लावायला दिली. हिरवा दिवा छान दिसेल म्हणाला.

या तालुक्यात हा विषय मुळात फार पूर्वी सुटलेला आहे. विनोबांचं जन्मगाव गागोदे इथलंच. 1951 पासून तेरा वर्षांवर ते भूदानासाठी देशभर पायी फिरले. दहाला किती, हा प्रश्नच नाही.

गाडी हलकी झाली, आता निघायचं, तर मामा आतून गणपती घेऊन आला. शाडूची, बिनरंगाची, दोन फुटी मूर्ती. पेणच्या मूर्तींना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं इथल्या कारखान्यांतून कच्चे गणपती गावोगावच्या रंगाऱ्यांकडे जातच होते. रोह्याच्या एका रंगाऱ्याला हा नमुना पोचवायचा होता. ताईच्या मांडीवर गोधडी, गोधडीवर गणपती. मामा पुढे बसला आणि यावेळी मात्र थेट बोलला.

"जावईबापू, काही करू नका. फक्त गाडीत गणपती आहे एवढं ध्यानात ठेवा."

आणि भावोजी बदलले. क्लच असा सुटायचा की गाडी निघाली हे झाडं मागे जाऊ लागल्यावर कळायचं. वडखळला ट्रेलरांची रांग दिसली तेव्हा पूर्वीचे भावोजी तिच्या शेपटापर्यंत भरधाव जाऊन ब्रेकवर उभे राहिले असते. आता लांबूनच पाय उचलला. गाडी आपोआप मंदावत गेली आणि रांगेपाशी पोचेस्तोवर रांगच हलली. "पुढच्या गाडीचा लाल दिवा बघायचा नाही," मामाने मला सांगितलं, "तिच्या पुढचीचा बघायचा. ब्रेक दाबला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल गरम करून फेकून दिलं." ट्रेलरवाल्यांना एरवी ज्या शब्दांनी हाक मारतात ते शब्दही भावोजींनी देवासमोर गिळले. पन्नासच्या वेगाने जाता येतं आणि त्यात कमीपणा नाही, हे त्यांना नागोठण्यापर्यंत पटलेलं दिसलं.

भिसे खिंडीच्या उतारावर मात्र त्यांचा हात सवयीने न्यूट्रलकडे गेला. मामाने त्या हातावर आपला हात ठेवला. बराच वेळ. "उतारावर गिअर काढला की इंजिन स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल पीत बसतं. गिअरात ठेवून पाय उचला, चाकंच इंजिन फिरवतात, नळी बंद होते. थेंब जात नाही. शिवाय ब्रेक तापत नाहीत." बाप्पा ताईच्या मांडीवर शांत होते. भावोजींनी आयुष्यभर प्रत्येक घाटात फुकट समजून जे केलं, ते फुकट नव्हतं. त्यांचा चेहरा साखरपुड्यापर्यंत गंभीर राहिला.

मोजणी परतल्यावर रामवाडीच्याच पंपावर झाली. मामाने निघताना टाकी काठोकाठ भरून घेतली होती. आता तोच नोझल, तीच जागा, गाडीचं तोंड त्याच दिशेला. जमीन तिरकी असली की नोझल लवकर-उशिरा बंद होतो आणि एवढ्याशा प्रवासात अर्ध्या लिटरचा फरकही खोटं बोलायला पुरतो. मामाने चष्मा लावला, पावतीच्या मागे भागाकार केला आणि म्हणाला, "एकशे पंचेचाळीस." भावोजींनी पंपवाल्याला वीस रुपये बक्षीस दिले, जणू त्यानेच केलं.

पण मामीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पडवीतल्या खाट-बाबागाडीशेजारी तांदळाचं अर्धं पोतं, पांढऱ्या कांद्यांच्या माळा, वाल, सुकट आणि पापडांचे डबे रांगेने तयार होते. मामा भिंतीकडे बघत उभा राहिला. एसटीत उतारूंच्या सामानाला लगेज तिकीट फाडता येतं. बायकोच्या सामानाला कुठलं फाडणार?

भरताभरता भावोजींनी गोव्याचा बेत काढला. या चालीने गेलो तर किती लागेल? मामा म्हणाला, थेंब लागणार नाही. कोलाडहून कोकण रेल्वे ट्रक वाहून नेते ते 1999 पासून. 2025 च्या गणपतीत तिने मोटारींचीही सोय केली. कोलाडला गाडी वाघिणीवर चढवायची, वेर्ण्याला उतरवायची. तेव्हा गाडीचं भाडं होतं 7,875 रुपये, आणि त्याच रेल्वेच्या डब्यातून गाडीमागे फक्त तीन माणसं.

"तीनच?" ताई म्हणाली.

तीन म्हणजे भावोजी आणि दोन्ही मुलं, हे तिथेच ठरलं. बाकीच्यांनी रामवाडीहून एसटीने सावंतवाडी गाठायची. ताईला आणि मामीला बायकांचं अर्धं तिकीट. मामा पंच्याहत्तरीच्या पुढचा, त्याला फुकट. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.