हरणाऱ्याला प्रत्यय

मुलगी सध्या फोनवर स्पॅनिश शिकते आहे. का, ते विचारायचं नाही. परवा हॉलमध्ये मोठ्याने घोकत होती, “मास आल्तो, मास ग्रांदे.” आतून आई ओरडली, “श्रावणात कसलं गं मास?”

“आजी, मास म्हणजे अधिक!”

“मग सरळ अधिकमास म्हण ना.” आणि 33 अनारशांचा विषय निघाला.

मला मात्र त्या स्पॅनिश लोकांबद्दल एकदम भाऊबंदकी वाटली. त्यांच्यात उंच माणूस कितीही उंच झाला तरी शब्द ‘आल्तो’च, पुढे ‘मास’ लावला की काम झालं. आपलंही तेच. ‘उंच’ला कुणी हात लावत नाही. म्हणूनच इंग्रजी शिकताना तिकडची पोरं ‘मोर बिग’ म्हणतात आणि इकडे नाशकात मी ‘मोर हायर’ लिहून पट्टी खाल्ली.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. ‘चेंज द डिग्री’ हा सरांचा आवडता प्रश्न. फळ्यावर लिहायचे, कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र. मग तेच ‘हायर दॅन एनी अदर’ करून, मग तेच ‘नो अदर पीक इज ॲज हाय ॲज’ करून. पानभर उलथापालथ झाली तरी कळसूबाई आपली 1646 मीटरवरच. एकदा बागलाणातल्या एका मुलाने विचारलं, “सर, मग साल्हेरचं काय?” साल्हेर 1567 मीटर, दुसरा नंबर. सरांनी त्याची ‘वन ऑफ द हायेस्ट’मध्ये सोय लावली, लग्नात रुसलेल्या काकांना फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसवतात तशी.

पुढे कधीतरी लक्षात आलं की इंग्रजीत जिंकणाऱ्याचा शब्द बदलतो. ‘हाय’चा ‘हायर’ होतो. मराठीत जिंकणारा जागचा हलत नाही. ‘श्याम रामापेक्षा उंच.’ यात श्याम जसाच्या तसा, उंच जसाच्या तसा; काना लागला रामाला, वर ‘पेक्षा’चं ओझंही त्यालाच. हरणाऱ्यालाच प्रत्यय! शेजारच्याचे मार्क ऐकून ‘त्याच्यापेक्षा’ ज्याने बालपणी सोसलंय, त्याला हे व्याकरण वेगळं शिकवावं लागत नाही.

संस्कृतात मात्र इंग्रजीसारखीच सोय होती: तर आणि तम. ‘तारतम्य’ हा शब्दच या दोघांच्या संसारातून आलाय. गणितात लसावि-मसाविमधले लघुतम, महत्तम त्याच घरातले. ‘उत्तम’ हे टोक, आणि त्याच्या एक पायरी खाली ‘उत्तर’. माझ्या उत्तरपत्रिका उत्तम का नव्हत्या ते आता कळतंय. शिवाय ‘इष्ठ’वाले वेगळेच. ज्येष्ठ म्हणजे मुळात सगळ्यांत मोठा, कनिष्ठ म्हणजे सगळ्यांत लहान. म्हणजे आपली सगळी कनिष्ठ महाविद्यालयं एकाच वेळी सगळ्यांत लहान आहेत! इंग्रजीतला ‘सीनियर’ मूळ लॅटिनमध्ये नुसता ‘अधिक म्हातारा’. तेव्हा साठी ओलांडताना इंग्रजीत मी कंपॅरेटिव्ह होणार आणि मराठीत थेट सुपरलेटिव्ह. ‘मोर बेटर’ला हसणारे आपण ‘सर्वश्रेष्ठ’ लिहिताना मात्र सुपरलेटिव्हवर खुशाल दुसरं सुपरलेटिव्ह चढवतो. माझी पट्टी परत मिळायला हवी.

नाशिककराला यातलं काहीच लागत नाही म्हणा. त्याचं सुपरलेटिव्ह एकच: ‘एक नंबर’. शहरातल्या निदान वीस मिसळी एक नंबर आहेत, आणि त्यात कुणालाही विसंगती दिसत नाही.

रविवारी घरीच मिसळ होती. काळा रस्सा, वर तर्री, बाजूला पापड. बायकोने विचारलं, “कशी झालीय?”

‘स्वादिष्ट’ म्हणालो. हा इंग्रजी ‘स्वीटेस्ट’चा सख्खा चुलतभाऊ; मूळ अर्थ सगळ्यांत गोड. तिखट रश्श्याला तो कसा चालेल हा प्रश्न सोडला, तर टोकाची पदवी देऊन मी निर्धास्त पाव मोडला.

“आईंच्या मिसळीपेक्षा?”

समोर आई. लिंबू पिळता पिळता तिचा हात थांबला. मुलीनेही फोन खाली ठेवला. आता ‘पेक्षा’ कुणाला लावू?

तेव्हा इतक्या वर्षांनी सर आठवले. “ॲज गुड ॲज,” मी म्हणालो, आणि रस्सा वाढून मागितला.