षष्ठीचा शिमगा

बैलाला शिवी देणं वाटतं तितकं सोपं नाही. आंदर मावळात आषाढात चिखलणी चालू असते, खाचरात पोटरीभर चिखल, वरून झड, आणि जोडीतला एक बैल नेमका बांधापाशी येऊन ठाण मांडतो. औतामागच्या माणसाच्या तोंडात शब्द तयार असतो. पण आपल्याकडच्या शिव्यांची सगळी वहिवाट आईवरून जाते, आणि बैलाची आई म्हणजे गाय. तिला कोण काय बोलणार? मग तो शब्द ओठांवरच वळण घेतो आणि बैलाच्या मालकावर जाऊन आदळतो. ‘तुझा धनी वाघानं नेला!’ धनी अर्थात तोच. स्वतःला वाघाच्या तोंडी देऊन माणूस मोकळा होतो, बैल कान झाडतो आणि चालू लागतो.

आता पुष्कळ खाचरांत पॉवर टिलर फिरतो. त्याला आई नाही, म्हणजे अडचणही नाही. काय हवं ते बोलावं. पण कान न झाडणाऱ्याला शिवी देण्यात काही राम नाही, अशी जुन्या माणसांची तक्रार असते, आणि ती मला पटते.

कान्हे फाट्याला हमरस्ता सोडून आत वळलं की टाकवे लागतं, मग वडेश्वर, माऊ, आणि पार वर खांडी, सावळा, कुसूर. आंद्रा नदीचं हे खोरं. टाटांनी 1916 साली इथल्या पाण्यावर वीज करायची कंपनी काढली, तिचं नाव इंग्रजी कागदावर ‘आंध्रा व्हॅली’ झालं, आणि वाचणाऱ्याला वाटावं की हे सगळं हैदराबादेच्या वाटेवर आहे. तोंडातला शब्द कागदावर गेला की त्याचं काय होतं ते या खोऱ्याला चांगलं ठाऊक आहे. शिव्या त्या मानाने नशीबवान. त्या कागदावर फारशा गेल्याच नाहीत. दगडावर गेल्या, पण ते जरा पुढे सांगतो.

आधी ‘च्यायला’. हा शब्द न उच्चारता ज्याने आयुष्य काढलं असा मावळा इतिहासात झाला असेल असं मला वाटत नाही. ‘त्याच्या आईला’ किंवा ‘तुझ्या आईला’ हे त्याचं मूळ अंग. पण त्यातला ‘तो’ गेला, ‘तू’ गेलास, आणि मागे षष्ठीचा प्रत्यय तेवढा लोंबकळत राहिला. शाळेत शिकवलेलं की प्रत्यय नेहमी कुणाला तरी लागतो, स्वतंत्र हिंडत नाही. इथे तो बिनमालकाचा हिंडतो आहे. कुणाच्या आईला? ठाऊक नाही. शेवटचा ‘ला’ द्वितीयेचा की चतुर्थीचा? म्हणजे त्या माउलीला काही करायचं आहे की काही द्यायचं आहे? क्रियापद असतं तर सांगता आलं असतं. क्रियापद पण सोडून दिलेलं आहे, आणि ते मात्र बरंच झालं. कर्ता नाही, क्रियापद नाही, मालक नाही, आणि तरीही अर्थ इतका पुरा की समोरचा कधी ‘काय म्हणालास?’ असं विचारत नाही.

याच्याही पुढची पायरी ‘तिच्यायला’. मावळात पावसाने आठवडाभर उसंत दिली नाही की ओसरीवरून आवाज येतो, ‘तिच्यायला, काय पाऊस म्हणायचा का काय!’ पाऊस पुल्लिंगी. मग ही ‘ती’ कोण? वीज गेली तरी ‘ती’, टेम्पो बंद पडला तरी ‘ती’, भाव पडला तरी ‘ती’च. मराठीत दगडधोंड्यांनाही लिंग असतं आणि ते चुकवलं की पुणेरी माणूस भर रस्त्यात अडवून दुरुस्त करतो. या एका शब्दाला मात्र सगळ्यांनी सूट दिली आहे. ‘आयला’ तर षष्ठीही टाकून बसला. मुंबईच्या हिंदीत तो निव्वळ आश्चर्यापुरता उरला आहे, आणि चांगल्या घरची मुलं तो आईसमोर म्हणतात. केवलप्रयोगी अव्ययांची शाळेतली यादी आठवा: अबब, अरेरे, छे, शाबास. ‘अबब’ म्हणणारा माणूस मला गोष्टीच्या पुस्तकाबाहेर भेटलेला नाही. जो दिवसभर कानावर पडतो तो शब्द यादीत नाही.

आणि आईचं हे एवढंच काम नाही. ठेच लागली की ‘आई गं’, आणि दुसऱ्याने ठेच लावली की त्याची आई. आपलं दुखलं की आपली, त्याने दुखवलं की त्याची.

कुसूरचा घाट उतरला की खाली भिवपुरी. तिथून पुढचं कोकण एके काळी शिलाहार राजांचं. जमिनीचं किंवा उत्पन्नाचं दान दिलं की हे राजे ते दगडावर कोरून घेत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेतोवर हे दान चालू, मध्ये मजकूर, आणि खाली एक गाढव आणि एक स्त्री, ज्या स्थितीत कोरलेली असत ती इथे सांगत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचीही सोय पाहिली होती. या दगडांना गधेगाळ म्हणतात. शिलाहारांच्या नंतरही ही चाल टिकली, आणि असे दगड कोकणात, घाटावर, गोव्यात सापडतात.

परळला मिळालेला अपरादित्य राजाचा लेख शके 1108 चा, म्हणजे इसवी सन 1186-87 च्या सुमाराचा. वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिलेल्या दानाचा मजकूर त्यात संस्कृतात आहे. राजाची बिरुदं संस्कृतात, दानाचा तपशील संस्कृतात. हे सगळं झाल्यावर, हे शासन जो मोडील त्याचं काय होईल हे सांगायची वेळ येते आणि राजा सरळ मराठीत उतरतो. देवाला कळावं म्हणून संस्कृत, शेजाऱ्याला कळावं म्हणून मराठी. मराठीला राजाश्रय कधी मिळाला यावर विद्वान भांडतात; कोणत्या कामासाठी मिळाला हे दगडावर स्पष्ट आहे.

आणि ते वाक्य काय बांधलेलं आहे! त्याची माय: षष्ठी जागेवर, मालक जागेवर, आई प्रथमेत. गाढव तृतीयेत, कारण करणारा तो. क्रियापद कर्मणी, शेवटी ‘-इजे’ हा प्रत्यय. शंभर वर्षांनी ज्ञानेश्वरीत हाच प्रत्यय ‘कीजे’, ‘दीजे’ अशा सात्त्विक ठिकाणी भेटतो. त्या वाक्याशेजारी आपलं ‘च्यायला’ ठेवून पाहा. राजाला पुरं वाक्य लागत होतं, कारण तो कायदा होता. त्यात एक विभक्ती चुकली तर शाप भलत्याच घरी जायचा. आपल्याला कुणाचं दान राखायचं नाही. आपण गाढव सोडलं, क्रियापद सोडलं, माणूस सोडला.

त्या सोडलेल्या क्रियापदाचं कुळ मात्र मोठं आहे. संस्कृतात ‘यभ्’ असा धातू आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ आडपडदा न ठेवता दिलेला आहे. यात्रेची जत्रा झाली त्याच वाटेने त्यातल्या ‘य’चा ‘ज’ झाला, ‘भ’मधला हकार पुढे उडी मारून त्या ‘ज’ला चिकटला, आणि मागे ‘व’ राहिला. उरलेलं वाचकांनी मनात करून पाहावं. मोठ्याने करू नये, घरात माणसं असतात. रशियन भाषेतल्या सर्वांत जहाल शिवीचं घराणंही हेच, ही गोष्ट शब्दांची कुळं शोधणारे लोक गंभीर चेहऱ्याने सांगतात.

इंग्रजीतला तो चार अक्षरी शब्द या घरातला नाही, तो जर्मानिक बाजूचा. त्याच्याबद्दल इंग्रजीभाषक लोक एक लाडकी कथा सांगतात की पूर्वी राजाच्या परवानगीशिवाय प्रजेला संग करता येत नसे, परवानगीची पाटी दारावर लागे, आणि त्या पाटीच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला. कथा साफ खोटी आहे. शब्द जुना आहे एवढं खरं. 1310 साली चेस्टरच्या न्यायालयाच्या दप्तरात रॉजर नावाच्या एका इसमाला त्या शब्दापासून केलेलं विचित्र आडनाव लावलेलं सापडतं. बिचारा रॉजर. बाकी काही उरलं नाही, आडनाव उरलं. इंग्रज राजाची आज्ञा बनावट आणि आमच्या राजाची अस्सल, दगडावर, सूर्य-चंद्राच्या साक्षीने! पण आमचं लोकांना सांगता येत नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाने पहिल्या आवृत्तीत तो शब्द गाळला होता. पुरवणीच्या खंडात तो आला 1972 साली. त्याच 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर येऊन बंदीच्या कचाट्यात सापडला. ग्रहमानाचा भाग असावा.

गधेगाळांचं पुढे काय झालं? अक्षर वाचणारे गेले, चित्र पावसाने झिजलं, आणि किती तरी गावांत त्या दगडाला शेंदूर लागला. जी शिवी वाचून माणसाने मागे फिरावं तिच्यापुढे नारळ फुटू लागले. मला यात विसंगती दिसत नाही. भीती घालणाऱ्या दगडाला आपण दुसरं काय करतो?

कोकणातल्या ‘आयचा घो’ची गोष्ट तर आणखी सरळ. घो म्हणजे नवरा. आईचा नवरा म्हणजे कोण, हे शेंबडं पोरही सांगेल: बाप. इतकं कायदेशीर, इतकं लग्नपत्रिकेवर छापण्यासारखं नातं शिवी म्हणून का चालावं? पण चालतं. 2010 साली महेश मांजरेकरांनी ‘शिक्षणाच्या आयचा घो’ नावाचा चित्रपट काढला तेव्हा नावावरून आक्षेप झाले, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि चित्रपट त्याच नावाने लागला. अर्थात दोष नाही, तो षष्ठीत आहे. मराठीत एकापुढे एक दोन षष्ठ्या आल्या की ऐकणारा सावध होतोच, तिसरी यायच्या आत वाट सोडतो.

हे सगळं पुरुषांचं झालं. त्यांच्या शिव्या नेहमी तिसऱ्याच माणसावर, बहुधा बाईवर जातात, आणि ती बाई तिथे कधीच नसते. भांडण दोघांचं, निस्तरणार घरी भाकरी थापत बसलेली. हा व्यवहार मला कधी शूरपणाचा वाटलेला नाही. बायकांची शिवी वेगळी असते. ती थेट समोरच्याला लागते, आणि तिचा काळ वेगळा. पुरुष ‘करीन’ म्हणतो. बाई म्हणते ‘तुझं मढं बशिवलं’. झालं, बसवून झालं. ‘मुडद्या’, ‘मेल्या’, ‘मसण्या’. ‘मेला’ हे शुद्ध भूतकाळाचं रूप, त्याचं संबोधन करून त्या मेलेल्या माणसाला दुकानातून साखर आणायला पाठवतात, आणि तो जातो. सूर जरा खाली आणला की तोच ‘मेल्या’ लाडाचा होतो. व्याकरणात काही फरक पडत नाही. ‘पटकी आली तुला’ असंही म्हणतात. पटकी म्हणजे कॉलरा. त्या रोगाचं ते नाव दवाखान्यातून केव्हाच गेलं, आज्यांच्या तोंडी राहिलं.

या कलेचा वार्षिक सोहळाही आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत, वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्या घालतात. ‘बोरीचा बार’ म्हणतात त्याला. दोन सवतींची दंतकथा त्याच्यामागे सांगतात. खंडाळा म्हटल्यावर लोणावळ्याचे लोक कान टवकारतील, तर हा खंडाळा घाटातला नव्हे, सातारा जिल्ह्यातला. आपल्या खंडाळ्यात चिक्की मिळते. शिव्या रविवारी दुपारी, वाहनं तुंबली की मिळतात.

त्या रविवारच्या वाहनांतली काही हल्ली धबधबे शोधत आंदर मावळात शिरतात. वडेश्वरच्या पुढे रस्त्याची कड सोडून गाडी लावायला जावं तर चाक अर्ध्यावर रुततं. मग आतला तरुण उतरतो, चाकाकडे पाहतो आणि तो इंग्रजी शब्द म्हणतो. परत चाकाकडे पाहतो, परत तोच म्हणतो. त्या शब्दाची कीर्ती मोठी आहे. तो नाम होतो, विशेषण होतो, क्रियाविशेषण होतो, दुसऱ्या शब्दाच्या पोटात शिरून बसतो. पण मोकळ्या हवेत, पावसात, एकटा ऐकला की फार किरकोळ वाटतो. असाच एक तरुण मोजून तेवढंच बोलत होता आणि ट्रॅक्टरची साखळी सोडता सोडता एक म्हातारबा ते लक्ष देऊन ऐकत होते. पुढे काही येईल म्हणून ते थांबले. काही येईना, तेव्हा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

“एवढंच? यांच्यात नातेवाईक नसत्यात व्हय?”