पत्ता पाहून औषध

प्रति,
माननीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे,
मुक्काम नवी दिल्ली.

विषय : सातारा-सांगलीकरांना एडीएचडीचं औषध घरबसल्या मिळण्याबाबत (आणि न मिळण्याबाबत).

माननीय तत्त्वांनो,

आपला जन्म २५ मार्च २०२० चा. देश कड्या लावून घरात बसला आणि त्याच दिवशी आपण अवतरलात. रुग्णाला हात न लावता डॉक्टरने औषध द्यावं का, आणि द्यायचं तर कोणतं, हे आपण नियमात बसवलंत. त्याबद्दल आधीच आभार मानून टाकतो. पत्राच्या शेवटापर्यंत तो मूड टिकेल असं वाटत नाही.

मी साताऱ्याचा, भाचा जत तालुक्यातला. दोघांनाही एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार. त्याला गुरुजी 'चंचल' म्हणतात, मला साहेब 'बेजबाबदार' म्हणतात. आजार तोच, वय वाढलं तशी शिवी वाढली. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आमच्या घरात जमिनीचे तुकडे झाले, हा वारसा मात्र अखंड उतरला. आता आपलं एक कलम सांगतं, की मूल अल्पवयीन असेल तर फोनवरच्या तपासणीला शेजारी मोठं माणूस हवं. आमच्याकडे ते मोठं माणूस म्हणजे मी. डॉक्टर भाच्याला प्रश्न विचारत होते आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर चाललेला उसाचा ट्रॅक्टर बघत होतो. निदानाला इतका सबळ पुरावा डॉक्टरांना एरवी कुठला मिळायला?

रुग्णाने आपणहून फोन केला म्हणजे त्याची संमती आहे, असं आपण धरून चालता. इतका विश्वास माझ्यावर घरातसुद्धा कुणी टाकत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या पोटात औषधांच्या याद्या आहेत. काही औषधं कुणालाही सांगता येतात, काही पहिल्याच व्हिडिओ भेटीत, काही फक्त आधी समक्ष तपासलेल्याला. आणि एक यादी प्रतिबंधित. औषध नियमांतल्या परिशिष्ट 'एक्स'मधली आणि अमली पदार्थ कायद्यातली औषधं फोनवर लिहायचीच नाहीत. एडीएचडीवरचं नेहमीचं उत्तेजक औषध मिथाइलफेनिडेट या दोन्ही ठिकाणी हजर आहे. त्याच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लिहायच्या, एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची, माल कुलपात ठेवायचा, परवाना वेगळा काढायचा. आमच्या ओळखीचा मेडिकलवाला म्हणतो, "त्या एका गोळीपायी एवढं लचांड कोण गळ्यात घेतंय?"

उरलं ॲटोमॉक्सेटिन. उत्तेजक नाही, सवय लावत नाही, प्रतिबंधित यादीत नाही. मूळचं हे नैराश्यावरचं औषध म्हणून तपासलं जात होतं, तिथे जमलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेने एडीएचडीसाठी मान्यता दिली आणि त्याला नोकरी लागली. स्वभावाने सज्जन, पण घाई नाही. पुरता गुण यायला महिना-दीड महिना. म्हणजे ज्याला चहा उकळेपर्यंत गॅसजवळ थांबवत नाही, त्याने रोज न चुकता कॅप्सूल घ्यायची आणि दीड महिना वाट पाहायची. उपाशीपोटी घेतली तर मळमळ; शिवाय तोंडाला कोरड, भूक कमी. कॅप्सूल फोडायची नाही, पूड डोळ्यांत गेली तर झोंबते. नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो म्हणून ते मोजून कळवायचं. मुलाचं मन फार खचलं किंवा ते मरणाची भाषा बोलायला लागलं, तर तात्काळ डॉक्टरांना सांगायचं. हे शेवटचं मी थट्टेत घेत नाही.

चिठ्ठी पीडीएफमध्ये आली. ती घेऊन आम्ही दुकानात. दुकानदाराने मोबाईल लांब धरून वाचला, बोटांनी मोठा केला, मग विचारलं, "ह्याच्यावर शिक्का कुठाय?" सही होती, नोंदणी क्रमांक होता. शिक्का नव्हता. शेवटी, "मागवून देतो, परवा या." आता परवा यायचं लक्षात ठेवणं, हेच जमत नाही म्हणून तर हे औषध!

गंमत बघा. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं गाड्या करून मिरजेला येतात. सांगली-मिरजेत मनोविकारतज्ज्ञ आहेत, साताऱ्यातही आहेत. पण जतहून मिरजेला किंवा पाटणहून साताऱ्याला जायचं तर शाळा बुडते, नाहीतर रोजगार बुडतो. म्हणून माणसं फोन उचलतात. आणि फोन उचलला की आपण निम्मा निर्णय आधीच घेतलेला असतो.

ब्रिटनची मार्गदर्शिका शाळकरी मुलांत आधी मिथाइलफेनिडेट आजमावायला सांगते. उत्तेजक औषधं सोसली नाहीत, लागू पडली नाहीत, तर ॲटोमॉक्सेटिनसारखं औषध. कुणाला दुसरंच आधी योग्य असतं, तेही खरं. पण ते डॉक्टरने रुग्ण बघून ठरवायचं. आपल्या राज्यात ते पिनकोड बघून ठरतं. शहरातल्या पोराला पहिलं औषध, जतच्या पोराला फोनमध्ये मावणारं औषध.

गैरवापराची भीती खोटी नाही. फोनवर दोन मिनिटं बोलून कुणालाही उत्तेजक मिळू लागलं तर परीक्षेच्या दिवसांत काय बाजार भरेल, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. मग निदान एवढं करा. आपल्याच व्याख्येनुसार समक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांशी झालेलं बोलणं ही 'फेरतपासणी' असते. एकदा समक्ष तपासलेल्या रुग्णाला तेवढ्या काळात मिथाइलफेनिडेट व्हिडिओवर पुन्हा लिहून देऊ द्या. दर महिन्याची नाडी-रक्तदाबाची नोंद गावच्या आरोग्य केंद्रातून येऊ द्या. मोजायचं यंत्र तिथे आहेच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलतो. तिथे धीर मिळतो, रस्ता कळतो. रस्ता कळल्यावर त्याच्या टोकाला औषधही असावं, एवढीच मागणी.

सदर अर्जावर विचार व्हावा. होकार असल्यास व्हिडिओवर कळवलं तरी चालेल. नकार मात्र जतला समक्ष येऊन द्यावा.

आपला,
एक सातारकर मामा