गाठीच्या टाक्याची शास्त्रोक्त पद्धत

गाठीचा टाका, म्हणजे हल्लीच्या मुली ज्याला फ्रेंच नॉट म्हणतात तो, शिकायचे ठरवल्यावर पहिला नियम असा की घरात कुणाला सांगू नये. सांगितले की संध्याकाळपर्यंत नात्यातल्या कुणाच्या तरी बाळाच्या दुपट्याची ऑर्डर येते आणि त्या दुपट्यावर ससा असतो. सशाची शेपटी गाठींनीच भरायची असते. एका शेपटीत किती गाठी मावतात हे शेपटी निम्मी झाल्यावरच कळते.

दोऱ्याची लडी सहा पदरांची असते. सगळे पदर एकदम ओवून गाठ ठसठशीत करण्याचा मोह आवरावा आणि सुरुवातीला दोनच घ्यावेत. दोरा हातभर. त्याहून लांब घेतला तर सारखा ओवावा लागत नाही हे खरे, पण वाचलेला वेळ गुंता सोडवण्यात जातो आणि उरलेला चष्मा शोधण्यात. सुई भरतकामाचीच, 7 ते 9 नंबरची. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात शिरण्यापूर्वी पाठ करावे. तिथे विचारले तर मागची गिऱ्हाइके हसतात. गोधडीची सुई अजिबात चालत नाही. तिचे नेढे जाड, त्यामुळे वेढे तिथे अडकतात, आणि गाठ पडो न पडो, कापडाला भोक मात्र पडते.

आता प्रत्यक्ष कृती. रिंग टेबलाच्या कडेला टेकवावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. (रिंग मांडीवर ठेवणारे पंजाबी ड्रेसला गाठ मारून घेतात. ती फार छान बसते.) सुई खालून वर काढावी. दोरा कापडापासून दोन-तीन बोटांवर डाव्या हाताच्या चिमटीत ताणून धरावा आणि सुईभोवती एकदा, फार तर दोनदा गुंडाळावा. सुई जागची हलवू नये, दोऱ्याने तिला प्रदक्षिणा घालावी. मग दोरा जिथून वर आला त्याच्या अगदी शेजारी, कापडाचे एक-दोन धागे सोडून, सुईचे टोक खुपसावे. नेमके त्याच भोकात खुपसले तर गाठ सुईमागोमाग खाली निघून जाते आणि आपण रिकाम्या कापडाकडे बघत बसतो.

टोक आत गेले की बहुतेकांना घाई होते. ती करू नये. आधी दोरा ओढून वेढे सरकवत कापडाला टेकवावेत, ताण तसाच ठेवावा, मगच सुई खालून ओढून घ्यावी. शेवटचे वेटोळे उरेपर्यंत चिमूट सोडायची नाही. लवकर सोडली तर गाठीऐवजी फास उभा राहतो, त्यात बाळाचे बोट अडकते. वेढे फारच आवळले तर सुई मध्येच रुतते, आणि मग ती दातांनी ओढण्याची प्रथा अनेक घरांत आहे. दंतवैद्यांचा तिला पाठिंबा नाही.

थोडक्यात, गाठ डावा हात घालतो; उजवा नुसता ये-जा करतो. व्हिडिओत मात्र कॅमेरा सुईवर असतो आणि डावा हात चौकटीबाहेर. म्हणून तोच व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी गाठ येत नाही. एखादे काम ‘डाव्या हाताचा मळ’ आहे असे म्हणणाऱ्याने गाठीचा टाका घातलेला नसतो, हे नक्की.

गाठ मोठी हवी असेल तर पदर वाढवावेत, वेढे नव्हे. वेढे वाढवले की गाठ आडवी पडते. तशी पडलीच तर उसवायला जाऊ नये. साखळी टाका ओढला की सुरसुरत सुटतो. गाठ कात्रीशिवाय निघत नाही आणि कात्री कापडासकट काढते. शहाण्या बायका तिथे कळी काढतात, किंवा लेडीबर्ड. पाच फुलांची नक्षी घेऊन बसलेल्यांच्या उशीवर जी गच्च बाग दिसते, ती अशी लागलेली असते. आत्याबाई मात्र कौतुक करण्याआधी उशी उलटी करून बघतात. फुलापासून फुलापर्यंत मागून दोरे ओढले असतील तर ते त्यांना दिसतात. दर फुलाला दोरा अडकवून कापावा, हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय नाही.

लखनौच्या चिकनकारीत फंदा म्हणून अशीच बाजरीएवढी गाठ घालतात, आणि मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट. सुती कापडावर, तीही ओळीने, एका मापाची. प्रदर्शनात हाताने भरलेला कुर्ता निम्म्या किमतीत मागणाऱ्यांना काउंटरवरच सुई-दोरा देऊन एक पाकळी भरायला लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम पुरे झाल्यावर इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेलची घडी घालून करावी. सरळ बाजूने केली तर गाठी चपट्या होतात. दुपटे बाहेर इस्त्रीला देणार असाल तर हे सांगायला स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नका.